आयत नसलेला चौकोन

फेब्रुवारी लागला की निगडीतल्या आमच्या गल्लीचा आवाज आपोआप खाली येतो. समोरच्या बंगल्यातला टीव्ही पुटपुटायला लागतो, पोरांचं क्रिकेट पलीकडच्या मैदानावर हाकललं जातं, भाजीवाल्यालाही कुणीतरी वरून हातानं ‘हळू’ म्हणून खुणावतं. बागेच्या कोपऱ्यावरची काटेसावर सगळी पानं टाकून लालभडक फुललेली असते आणि तिच्याखाली आमच्या तळमजल्यावरची ईशा, यंदा बारावीला, येरझाऱ्या घालत सूत्रं म्हणत असते. परवा मी गॅलरीत लसूण सोलत बसले होते. तिचं एक चिन्ह चुकलं. मी वरूनच ओरडले, “वजा! तिथं वजा येतं!” तिनं मान वर केली, ओठ हलवून पुन्हा म्हणून पाहिलं आणि हसली. तिची आई आवाज ऐकून बाहेर आली.

“काकू, तुम्हाला गणिताची कधी भीतीच वाटली नाही का हो?”

“नाही,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. खोटा विनय या वयात अंगाला लागत नाही.

परीक्षेचे दिवस म्हटले की लोकांना पोटात आलेला गोळा आठवतो. मला हरभऱ्याची आंब आठवते. सकाळच्या दवात भिजलेले डहाळे हातात घेतले की बोटांना जी आंबट चव चिकटते, ती. त्याच बोटांनी आम्ही कंपास धरायचो, पट्टी धरायचो, आणि विचार करताना ती बोटं नकळत तोंडात जायची. माझ्यासाठी भूमितीची चव कायमची आंबटच राहिली आहे.

सत्तर सालाच्या आगेमागे मॅट्रिक अकरावीला असायची. आम्ही कासारवाडीला राहायचो, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पारनेरकडचं कोरडं गाव सोडून पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले होते. त्यांची शिफ्ट हेच आमच्या घराचं घड्याळ. ते झोपले असले की भांडी हळू, ते जागे असले की गप्पा मोठ्या. आई वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. वारा पिंपरीकडून आला की औषधांच्या कारखान्याचा आंबूस, भिजत घातलेल्या धान्यासारखा वास घरात शिरायचा. चाकणच्या बाजाराचे ट्रक नाशिक फाट्यावरून वळले की रस्त्यावर कांद्याची सालं उडत राहायची. निगडी म्हणजे तेव्हा गवताचा माळ. आज मी जिथं लसूण सोलते, तिथं तेव्हा ससे पळत असतील.

आमच्या शाळेत अकरावीला गणिताच्या दोन वाटा होत्या. एक साधं गणित, दुसरं उच्च गणित. ज्या मुलांना पुढं इंजिनिअर व्हायचं ती उच्च गणिताला जायची. मुली साध्याला जायच्या. कुणी सक्ती करत नव्हतं. पाणी उताराकडं जातं तसं ते आपलं होत होतं. आमच्या वर्षी मात्र दोन मुलींनी उच्च गणिताला नाव दिलं. एक मी, शालन, आणि दुसरी सिंधू.

सिंधू पिंपळे गुरवची. नदीकाठच्या जुन्या शेतकरी घरातली. दिवाळीनंतर पवनेचं पाणी उतरलं की चपला हातात घेऊन, परकर वर खोचून, ती उथळ पात्रातून अलीकडं यायची. दप्तरात वह्यांच्या वर हरभऱ्याचे डहाळे. वर्गात तिच्या बोलण्याला मुलं हसायची, आणि ती त्यांच्या हसण्याला हसायची, त्यामुळं त्यांची मजाच निघून जायची.

आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळी शाळा हेडसर म्हणायची, त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कधीही न हलणारी एक लाकडी खुर्ची. ते चिडून बोलत नसत, पण त्यांच्यासमोर शब्द आपोआप मोजून बाहेर यायचे.

“उच्च गणित कशासाठी घेतेस?” त्यांनी मला विचारलं.

“मला येतं म्हणून.”

त्यांच्या भुवया वर गेल्या. मग सिंधूकडं वळून तोच प्रश्न.

“मला बी येतंय सर. आन् जे न्हाई येत ते शिकंन की.”

“बघू,” हेडसर म्हणाले.

हा आत्मविश्वास कुठून यायचा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मी काही सगळ्यात हुशार नव्हते. माझं अक्षर वाईट, गळा त्याहून वाईट, इतिहासातल्या लढाया मी एकमेकींत मिसळून टाकायची. निबंधाला बाई म्हणायच्या, ‘बरा आहे, पण...’ भरतकामाला म्हणायच्या, ‘ठीक आहे, पण...’ गणितात मात्र ‘पण’ नव्हता. उत्तर बरोबर आलं की ते बरोबर असायचं. माझं अक्षर कसं आहे, माझे वडील काय करतात, मी मुलगी आहे का मुलगा, हे त्याला विचारायचं नसायचं. सोळा वर्षांच्या मुलीला जगात अशी एखादी जागा मिळाली, तर ती तिथं पाय रोवून उभी राहणारच.

पण त्या वर्षी ती जागाच हलली. आमचे गणिताचे कुलथे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेच नाहीत. एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागले होते. त्यांना कुणी दोष दिला नाही. तेव्हा अर्धी पिंपरी कंपनीत लागत होती आणि उरलेली अर्धी लागायची वाट पाहत होती. हेडसरांनी आमचा वर्ग स्वतःकडं घेतला. तरुणपणी ते गणित शिकवत असत. पण शाळेचं ओझं डोक्यावर, कधी यायचे, कधी नाही. शेवटी एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “जानेवारीत पूर्वपरीक्षा घेईन. निम्मे मार्क ज्याला पडणार नाहीत, त्यानं मुकाट्यानं साध्या गणिताला बसायचं. शाळेचा निकाल मला बुडवायचा नाही.”

वर्गातली मुलं सायकली काढून पुण्याला क्लासला जायला लागली. आमच्या दोघींच्या घरून संध्याकाळी पुण्याला कोण पाठवणार?

आणि मग मामी भेटल्या.

आईनं शिवलेले ब्लाउज पोचवायला मी एका कारखान्याच्या वसाहतीत गेले होते. दार उघडलं ते एका उंच, सावळ्या बाईंनी. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, केसांत अबोलीचा गजरा. ब्लाउज घालून बघायला त्या आत गेल्या आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर पुस्तक उघडून बसले. एक उदाहरण मला सकाळपासून छळत होतं. त्या बाहेर आल्या त्या माझ्या खांद्यावरून पाहतच. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग वाकून, ब्लाउजची पाठीवरची हुकं एका हातानं धरून, दुसऱ्या हाताच्या बोटानं माझ्या तिसऱ्या ओळीवर टकटक केलं.

“इथे. का?”

“म्हणजे?”

“ये कैसे आया? का?”

मी पाहिलं. ती ओळ मी नुसती गृहीत धरली होती. मी ती खोडली आणि पुढचं सगळं आपसूक सुटलं. मी वर पाहिलं तर बाईंचे डोळे भरून आलेले. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. नंतर कळलं, त्या मद्रासकडच्या कॉलेजात गणित घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या होत्या. लग्न झालं, नवऱ्याबरोबर इकडं आल्या, आणि त्यानंतर त्यांनी गणिताच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. कुणी लावू नको म्हटलं नव्हतं. कुणी लाव असंही म्हटलं नव्हतं.

“कल आना,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, मैत्रिणीला आणू का? त्या म्हणाल्या, सगळ्यांना आण.

त्यांच्याकडच्या लहान मुली मोठ्या बायकांना मामीच म्हणतात, म्हणून त्या आमच्या मामी झाल्या. शाळा सुटली की सिंधू आणि मी त्यांच्या व्हरांड्यात. उन्हं तिरपी होऊन जाळीतून फरशीवर यायची, आत सांबाराला उकळी आलेली असायची, आणि मामी खडूनं फरशीवरच आकृत्या काढायच्या. शिकवण्याचं काही घेणार नाही म्हणाल्या, फक्त मराठी शिकवा. मग आम्ही त्यांना शब्द द्यायचो. सिंधूनं एकदा ‘कर्ण’ म्हटलं तर मामी थबकल्या.

“कर्ण? महाभारत?”

“न्हाई वो मामी! ह्यो चौकोनातला कर्न. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात.”

मामी इतक्या हसल्या की आतून त्यांचे यजमान डोकावून गेले. पुढं कितीतरी दिवस त्या कर्णाला ‘कुंतीचा मुलगा’ म्हणत.

मामींचा सगळ्यात लाडका मराठी शब्द होता ‘का’. प्रत्येक ओळीला का. हे कोन समान, का? या बाजू समांतर, का? सिंधू कधीकधी वैतागायची. “दिसतंय की मामी!” मामी मान हलवायच्या. “दिसतंय नको. डोळा फसवतो.” म्हणून त्या मुद्दाम वेड्यावाकड्या आकृत्या काढायच्या. त्रिकोण काढायचा तर असा, की त्याची कुठलीच बाजू दुसरीसारखी दिसायला नको. “सुंदर आकृती काढली, तर तुम्ही आकृतीचं ऐकणार. वाकडी काढा. वाकडीत जे टिकलं ते खरं.” अर्थात हे सगळं त्या हिंदी, मराठी आणि हातवारे मिळून सांगायच्या. सिंधूला वाकडं काढणं जड जायचं. तिचा हात देखणा होता. संक्रांतीला दारात तिनं काढलेली रांगोळी बघायला शेजारच्या बायका थांबायच्या. तिच्या हातून वाकडी रेघ निघायचीच नाही.

मी मात्र निर्धास्त होते. माझ्या हातून सरळ रेघ निघत नव्हती.

जानेवारी संपता संपता पूर्वपरीक्षा आली. सकाळी नदीवर धुकं, वर्गाच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, बोटं आखडलेली. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदाला शाईचा वास येत होता. भूमितीतला एक मोठा प्रश्न होता. ज्या चौकोनाचे कर्ण समान असतात, तो आयत असतो, हे सिद्ध करा.

मी सवयीनं वाकडा चौकोन काढला. कर्ण जोडले. पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि सिद्धतेच्या पहिल्याच ओळीला अडले. समोरासमोरच्या बाजू समान म्हणावं, तर का? समांतर म्हणावं, तर का? प्रश्नात तसं म्हटलेलं नव्हतं. मी दुसरी आकृती काढली, तिसरी काढली. मग एकदम माझ्या लक्षात आलं की मला जमत नाही याचं कारण मी नाही. ते जमणारंच नाही. दोन सारख्या लांबीच्या काड्या घ्या, एकमेकींवर कशाही आडव्या ठेवा, त्यांची चार टोकं जोडा. कर्ण समान झाले. पण आकार कसलाही येईल, सुपासारखा येईल, पतंगासारखा येईल. दर वेळी आयत येईल असं कोण म्हणतं?

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. भीती नक्कीच नाही. बंद समजलेल्या खोलीत एक खिडकी उघडी आहे असं दिसावं, तसं काहीतरी. मी ऐसपैस अक्षरात लिहिलं, ‘दिलेलं विधान खरं नाही.’ खाली आकृती काढली, कारण दिलं, आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

पेपर परत मिळाले तेव्हा त्या प्रश्नापुढं लाल शून्य होतं आणि हेडसरांचा शेरा होता. ‘प्रश्न तपासायचा नसतो, सोडवायचा असतो.’ त्या शून्यानं माझे मार्क निम्म्याच्या खाली गेले होते. शेजारी सिंधू पेपर छातीशी धरून बसली होती. त्याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते, आणि त्या मार्कांच्या आधारानं ती निम्म्याच्या जेमतेम वर निघाली होती. तिची आकृती मी पाहिली. सुरेख, काटकोनी, रांगोळीच्या हाताची. वर्गातल्या सगळ्या मुलांनीही तशीच काढली होती.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर नदीपर्यंत गेले. दगडावर बसून तिला सगळं सांगितलं. दोन डहाळ्या आडव्या ठेवून दाखवलं. मी बरोबर असले तर तिचं उत्तर चूक ठरत होतं, आणि हे आम्हा दोघींनाही न बोलता कळत होतं. तिनं डहाळ्यांकडं पुष्कळ वेळ पाहिलं. मग चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरली. मी तिची पाठ पलीकडच्या काठाला लागेपर्यंत बघत राहिले. तिनं वळून पाहिलं नाही.

घरी आई म्हणाली, “सोड बाई. मोठ्या माणसांशी वाद कशाला? साधं गणित काय वाईट आहे?” अण्णा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होते. डब्याची पिशवी सायकलला अडकवता अडकवता त्यांनी विचारलं, “तुझं बरोबर आहे?”

“हो.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मग बोल. आवाज मात्र चढवू नको. बरोबर माणसाला आवाज चढवायची गरज नसती.”

दुसऱ्या दिवशी हेडसर वर्गावर आले तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, “सर, त्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.”

“उत्तर मी वाचलं आहे.”

“मला दाखवायचं आहे, सर.”

हेडसरांनी हात पुढं केला, म्हणजे ये. मी माझी लाकडी पट्टी घेतली, पुढच्या बाकावरच्या मुलाची तेवढ्याच लांबीची पट्टी मागून घेतली, आणि टेबलावर दोन्ही एकमेकींवर आडव्या ठेवल्या. मध्यावर नाही, एका टोकाच्या जवळ. “सर, हे दोन कर्ण. सारखे आहेत.” मग खडूनं चार टोकं जोडली. टेबलावर एक वाकडातिकडा चौकोन उमटला. “यात काटकोन कुठं आहे?”

हेडसर टेबलावर वाकले. मागून एक मुलगा पुटपुटला, “आता आमचे पण मार्क जाणार.” दुसरा म्हणाला, “हिला काय नडलंय?” मी हात पट्ट्यांवरच ठेवला. पट्ट्या हलत नव्हत्या.

तेवढ्यात आमच्या बाकावरून खुर्र आवाज झाला. सिंधू उभी राहिली होती.

“सर, तिचं खरं हाय.”

“तुला या प्रश्नाला पूर्ण मार्क आहेत,” हेडसर म्हणाले.

“व्हय सर. पर म्या आकृतीच आयताची काढली हुती. मंग त्यातनं आयत निघनार न्हाई तर काय निघनार? म्या सिद्ध काय बी केलं न्हाई. नुस्तं बघून लिव्हलं.”

कुणी हसलं नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या वर्गात त्या दिवशी सर्वांत अवघड गोष्ट सिंधूनं केली. माझ्या बाजूला सत्य होतं आणि माझा फायदाही. तिच्या बाजूला फक्त सत्य.

हेडसरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग फळ्याकडं जाऊन त्यांनी प्रश्न जसाच्या तसा लिहिला, आणि ‘चौकोनाचे’ या शब्दाच्या आधी वरच्या बाजूला, बाणाची खूण करून, एक शब्द घातला. ‘समांतरभुज’.

“हा शब्द राहिला,” ते म्हणाले. “माझ्याकडून राहिला.”

प्रश्नपत्रिका कारकुनानं स्टेन्सिलवर उतरवल्या होत्या हे सगळ्या शाळेला माहीत होतं. हेडसरांना त्याचं नाव घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

“आता प्रश्न नीट आहे. सिंधू, ये. सोडव.”

सिंधू फळ्यापाशी आली. तिनं खडू उचलला, आणि मी पाहिलं, तिनं मुद्दाम मान तिरकी करून, जीभ दाताखाली धरून, एका अंगाला कललेला चौकोन काढला. आयतासारखा मुळीच न दिसणारा. मग एकेक ओळ लिहायला लागली आणि प्रत्येक ओळीनंतर स्वतःशीच थांबून, स्वतःलाच विचारल्यासारखं करून, कारण लिहायला लागली. समोरासमोरच्या बाजू समान, कारण चौकोन समांतरभुज. एक बाजू दोन्ही त्रिकोणांत सामाईक. कर्ण समान, दिलेलंच आहे. म्हणून त्रिकोण एकरूप. म्हणून हे दोन कोन समान. आणि बाजू समांतर, म्हणून ते दोन मिळून दोन काटकोन होतात, म्हणून प्रत्येक काटकोन. शेवटची ओळ लिहून ती वळली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावर खडू लागलेला होता.

“बस,” हेडसर म्हणाले. “तुझे मार्क तुझ्याकडंच राहतील. आता ते तुझे आहेत.” मग त्यांनी माझा पेपर मागितला. त्यावरचं शून्य त्यांनी खोडलं नाही. त्याच्या डावीकडं एकाचा आकडा काढला. शून्याचे दहा झाले. मुलांना त्यांनी तोच प्रश्न घरून सोडवून आणायला सांगितला, वाकड्या आकृतीसकट.

संध्याकाळी आम्ही दोघी धावतच मामींकडं गेलो. सगळं ऐकून त्यांनी आधी फक्त एवढंच विचारलं, “हेडमास्टर रागावले?” नाही म्हटल्यावर त्यांनी हातातला खडू फरशीवर ठेवला. मग म्हणाल्या, “चांगला माणूस.”

मला तो दिवस विजयाचा म्हणून आठवत नाही. वाद जिंकण्यात एक ओशाळं सुख असतं, ते मी पुढच्या आयुष्यात पुष्कळदा चाखलं आणि त्याची चव फार टिकत नाही. त्या दिवशी कुणी हरलंच नव्हतं. हेडसर माझ्या नजरेत त्या दिवसापर्यंत फक्त मोठे होते. त्यानंतर ते मला आवडायला लागले. चूक दाखवून दिली की माणसं काय करतात हे मी नंतर किती ठिकाणी पाहिलं. आवाज चढवतात, विषय बदलतात, तुमच्या वयाकडं बघतात, तुमच्या साडीकडं बघतात. अशा वेळी मला फळ्यावरचा तो बाण आठवतो. एवढंच करायचं असतं. राहिलेला शब्द घालायचा, आणि म्हणायचं, माझ्याकडून राहिला.

बोर्डाची परीक्षा मार्चात झाली. तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, आणि हेच तिच्याविषयी सांगण्यासारखं आहे. पेपर सोपे नव्हते, पण परके नव्हते. भूमितीचा पेपर झाल्यावर सिंधू आणि मी नदीवर गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो आणि चिंचा खाल्ल्या. पलीकडं तिच्या शेतात ज्वारीची काढणी चालली होती. उत्तरं ताडून पाहायची गरज दोघींनाही वाटली नाही. उच्च गणितात सिंधूला माझ्याहून जास्त मार्क पडले. पुढं मी पुण्याला कॉलेजात गेले, कासारवाडीहून रोज गाडीनं, आणि अखेर तंत्रनिकेतनात गणित शिकवून निवृत्त झाले. सिंधू भोसरीच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला लागली. तिचा देखणा हात तिथं कामाला आला. पुढं ती तिथली ड्राफ्ट्समन झाली, आणि साहेब लोक नकाशा घेऊन तिच्या टेबलापाशी यायला लागले. तिच्या सासरच्यांनी आधी नाकं मुरडली, मग तिच्या पगारावर घरावर मजला चढला, आणि मग नाकं सरळ झाली. आता तिची जमीन राहिलेली नाही, तिथं इमारती आहेत. फोनवर बोलताना ती अजूनही ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणते, आणि तिची इंजिनिअर सून आता तसंच बोलायला लागली आहे, हे ती मला फार अभिमानानं सांगते.

पण त्या हंगामातलं मला सर्वांत जास्त आठवतं ते निकालानंतरचं, मे महिन्यातलं. हेडसरांनी मला निरोप पाठवून बोलावलं. “तुम्हाला कोण शिकवत होतं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “चल,” ते म्हणाले, “ओळख करून दे.”

कडक ऊन होतं. काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून हेडसर माझ्या पुढं वसाहतीच्या रस्त्यानं चालत होते. मामींच्या घरी त्यांचे यजमान होते, कारखान्यातले मोठे इंजिनिअर. हेडसरांना त्यांनी खुर्ची दिली, स्वतः समोर बसले. मामी कॉफी घेऊन आल्या आणि दारापाशी उभ्या राहिल्या. मी ओळख करून दिली. हेडसरांनी पेल्यातली गरम कॉफी वाटीत ओतायची असते हे न कळून बोटं भाजून घेतली, आणि मग यजमानांकडं पाहून, अत्यंत अदबीनं, इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. जूनपासून अकरावीच्या वर्गाला गणिताला कुणी नाही. शाळा मोठी नाही. पण आपली परवानगी असेल तर बाईसाहेबांनी...

साहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

“सर.”

मराठीत. आम्ही दोघींनी दिलेल्या मराठीत.

“शिकवणार मी. तर मला विचारा.”

साहेबांनी बायकोकडं असं पाहिलं, जणू घरात कुणी नवीनच माणूस आलं आहे. आणि मग हेडसर उठले. उभ्या शाळेत ज्यांची खुर्ची कधी हललेली कुणी पाहिली नव्हती, त्या हेडसरांनी ती वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, दाराच्या दिशेनं वळवली, आणि पुन्हा बसून, हात जोडून, पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आता मराठीत, सावकाश, मामींकडं बघून.

मामींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं.

“येते,” त्या म्हणाल्या. “शाळा किती वाजता भरते?”

ओळख करून द्यायला म्हणून मला नेलं होतं. ती मी मघाशीच करून दिली होती, असं मला वाटत होतं. खरी ओळख होताना मी आत्ता बघत होते.